बिल्ल्यावर नाव कोणाचं?

(प्रकाशा, जि. नंदुरबार येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या माय-जिजींनो,

सकाळपासून सातबाऱ्यावर बोलणं झालं, रेशनवर झालं, दारूवर तर अजून चालूच आहे. आणि मी विषय घेऊन आले, युरोपातली जुनी पदकं आणि मानचिन्हं ओळखायची कशी! पुढच्या दोघीतिघी हसल्या, ते मी पाहिलं. हसण्यासारखंच आहे. पदकं जमवणं हा शहरातल्या खाऊनपिऊन सुखी पुरुषांचा छंद, असं आपण समजतो आणि ते बरंचसं खरंही आहे. पण त्यांच्या काचेच्या कपाटात ही पदकं येतात कुठून? ती येतात आपल्या घरांतून. उतरंडीतून, पत्र्याच्या डब्यातून, देव्हाऱ्यातून. आणि बहुतेक वेळा ती शेवटची बाहेर काढते ती घरातली बाई. घरात दाणा नाही म्हणून किंवा दवाखान्याला पैसे नाहीत म्हणून.

मी एम.एस.डब्ल्यू. केलं तेव्हा पदक या वस्तूचा माझ्या अभ्यासाशी काही संबंध नव्हता. नंतर तापीकाठच्या गावांत विधवांच्या आणि एकट्या बायकांच्या कामासाठी फिरायला लागले. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायचा, वारसनोंद करायची, म्हणजे कागद लागतात. कागद मागितले की डबा उघडतो. आणि डब्यात कागदांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेला, काळा पडलेला एखादा गोल बिल्ला निघतो. ‘हे काय आहे?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘राणीचा रुपया असेल.’ चार-पाच घरांत असं झालं, तेव्हा मी ठरवलं की हे वाचायला शिकायचं.

शिकायला अवघड नाही. आपल्याकडे बायकांच्या गळ्यात रुपयांच्या माळा असतात, त्यामुळे राजाचं तोंड दिसलं की सोनार सरळ तागडीत टाकतो. पण रुपयावर किंमत लिहिलेली असते. चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि त्याच्या कडेला बारीक दाते असतात. रुपयावरच्या पंचम जॉर्जच्या डोक्यावर मुकुट असतो. पहिल्या महायुद्धाचं जे चांदीचं ब्रिटिश युद्धपदक आहे, त्यावर तोच राजा बोडक्या डोक्याने आहे. पदकाच्या मागे उघडा घोडेस्वार, घोड्याच्या टापांखाली ढाल आणि कवटी, आणि १९१४ व १९१८ ही सालं. रुंदी ३६ मिलिमीटर. वर फीत अडकवायची दांडी, किंवा ती कापून काढल्याची खूण. हा घोडेस्वार म्हणजे त्यांचा संत जॉर्ज. एका घरात मी तो देव्हाऱ्यात पाहिला, हळदकुंकू लावलेला. घोड्यावर बसलेला चांदीचा देव म्हणजे खंडोबाचा टाक, असं त्या घरातल्या सुनेने मानलं होतं. मी काही बोलले नाही. इतकी वर्षं पूजा खाल्ली त्या जॉर्जने, खाऊ दे.

दुसरं असतं कांस्याचं, विजयपदक. त्यावर पंख पसरलेली बाई उभी आहे आणि मागे इंग्रजीत लिहिलंय की हे महायुद्ध ‘सिव्हिलायझेशन’साठी, सुधारणेसाठी, झालं. त्याची फीत इंद्रधनुष्यासारखी असते. आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे विजयपदक एकटं कधीच दिलं जात नसे. ज्याला ते मिळालं, त्याला चांदीचं युद्धपदकही मिळालेलं असणारच. मग घरात कांस्याचंच का सापडतं? कारण चांदीचं वितळलं. कधी लग्नात, कधी दुष्काळात, कधी सावकाराकडे. जमवणारे लोक म्हणतात, ‘जोडी फुटली, किंमत कमी झाली.’ मला त्या फुटलेल्या जोडीत त्या घराचा एक वाईट हंगाम दिसतो. विचारलंत तर घरातली म्हातारी तो हंगाम कोणता तेही सांगते.

आणि तिसरी खूण, जी सगळ्यात महत्त्वाची. पदक आडवं धरा आणि त्याच्या कडेवर तिरपा उजेड पडू द्या. त्या गुळगुळीत कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली दिसतील. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण. पहिल्या युद्धाच्या या दोन्ही पदकांवर अशी नावं आहेत. अक्षरं पुसट असतील तर पातळ कागद कडेवर धरा आणि त्यावरून पेन्सिल हलकी फिरवा, अक्षरं कागदावर उतरतात.

त्या नावाला फार मोल आहे. का ते सांगते. इराकमध्ये, ज्याला तेव्हा मेसोपोटेमिया म्हणत आणि आपल्याकडे नुसतं ‘बसरा’, तिथे इंग्रजांनी हिंदी पलटणी पाठवल्या. त्यात पूना डिव्हिजन होती. कूट इथे वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ ला तिने शरणागती पत्करली. पुढे बसऱ्याला मोठं स्मारक बांधलं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. आणि साध्या हिंदी शिपायांचे? नुसते आकडे. अमुक पलटणीचे इतके. या स्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने २०२१ साली स्वतःच चौकशी करून हे कबूल केलं. नावानिशी स्मरणच झालं नाही असे आफ्रिका-आशियातले निदान १ लाख १६ हजार लोक आहेत, आकडा साडेतीन लाखांपर्यंतही जाऊ शकतो, असं त्या अहवालात आहे. आयोगाने माफीही मागितली. म्हणजे बघा, कित्येक खेडुतांचं नाव धातूवर कोरलं गेलं ते आयुष्यात एकदाच, त्या बिल्ल्याच्या कडेवर. तो बिल्ला आटवला की ते अक्षरही जातं.

महार पलटणीचं तर वेगळंच दुःख. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. ‘लढाऊ जमात नाही’ म्हणे. युद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी केली. गरज सरली, १९२१ मध्ये मोडून टाकली. अशा पलटणीचं नाव कडेवर सापडलं तर तो बिल्ला नुसती चांदी नाही. तो सरकारविरुद्धचा पुरावाच आहे म्हणा ना.

इथवर मी पुरुषांच्याच नावांबद्दल बोलले. आता बायकांकडे वळते. या पदकांवर बाई आहेच, पण कुठे? चित्रात! विजयपदकावरची पंखवाली बाई. इंग्रजांची ब्रिटानिया. फ्रान्सची मारियान. पुढच्या बाजूला बाईची मूर्ती आणि कडेला पुरुषाचं नाव, अशी वाटणी. युद्धात मेलेल्यांच्या वारसांना इंग्रज सरकारने कांस्याची एक मोठी थाळी दिली, १२ सेंटीमीटर रुंद. त्यावरही ब्रिटानिया आहे, सिंह आहे, आणि मजकूर असा की ‘तो स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला’. हुद्दा घातलेला नाही, सगळ्यांचं मरण सारखं म्हणून. अशा साडेतेरा लाखांच्या आसपास थाळ्या निघाल्या. त्यातल्या सुमारे ६०० वर ‘तो’ऐवजी ‘ती’ आहे. बॉम्ब पडणाऱ्या इस्पितळांतल्या आणि बुडालेल्या जहाजांवरच्या परिचारिका, अशा त्या बायका. साडेतेरा लाखांत सहाशे! आणि मागे राहून शेत कसणाऱ्या, मुलं वाढवणाऱ्या, तारेची वाट बघणाऱ्या बायकांची थाळी कोणी ओतली नाही.

याच भागातल्या एका घराची गोष्ट सांगते. नाव सांगणार नाही, तुम्ही विचारूही नका. आजी आज ऐंशीच्या घरातल्या आहेत. मी अर्जासाठी त्यांचे कागद बघत होते, तेव्हा बिल्ला निघाला. म्हणाल्या, ‘हाऊ मना सासराना बिल्ला शे, बाई.’ चांदीचा, पूर्ण, दांडीसकट. कडेवर नंबर, सासऱ्यांचं नाव आणि ११४ मराठा पलटण. ही पलटण मेसोपोटेमियात शेवटपर्यंत लढली होती. मी वाचून दाखवलं. सासऱ्यांचं नाव आजींनी आयुष्यात तोंडाने घेतलं नव्हतं. माझ्या तोंडून ऐकताना त्यांनी पदर पुढे ओढला.

पण मला जे ऐकायला मिळालं ते पुढचं. १९७२ च्या दुष्काळात त्यांच्या नवऱ्याने हा बिल्ला सराफाकडे गहाण टाकला. ज्वारी आणली, ती संपली. मग आजी, तेव्हा त्या पंचविशी-तिशीच्या, दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या. अंगावर पिणारं पोर झाडाला बांधलेल्या झोळीत. त्या मजुरीतून थोडे थोडे बाजूला ठेवून वर्षभराने बिल्ला सोडवला. नवऱ्याला सांगितलं नाही. ‘सांगतलं असतं तर परत गेला असता,’ म्हणाल्या. त्यांच्याबरोबर खडी फोडणारी एक बाई अजून हयात आहे. तिने मला हेच सगळं वेगळ्या घरी, न विचारता सांगितलं.

आता या वस्तूवर पुतण्याचा डोळा. जुन्या वस्तू घेणारा एक फिरता माणूस गावात आला होता. त्याने बिल्ला पाहिला, तोलला आणि चांदीच्या भावाने मागितला. पुतण्या म्हणतो, नाव आजोबांचं, म्हणजे बिल्ला घराण्याचा, आणि घराण्याचा म्हणजे माझा. आजींना मुलगा नाही, दोन मुली आहेत. बचत गटाची बैठक बसली. मी सांगितलं की १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम १४ आहे. बाईने स्वतःच्या कष्टाने मिळवलेली, विकत घेतलेली वस्तू, स्थावर असो की जंगम, तिच्या पूर्ण मालकीची असते. (आदिवासी बहिणींनो, तुम्हांला हा कायदा कलम २(२) मुळे सरळ लागू होत नाही, तुमच्या प्रश्नावर उद्या वेगळी बैठक आहे, ती चुकवू नका.) पुतण्या म्हणाला, ‘खडी फोडल्याचा कागद दाखवा.’ कागद नव्हता. बायकांच्या कष्टाचा कागद कुठे असतो? पण साक्षीदार बाई उठून उभी राहिली आणि बोलली. त्या दिवसापुरता तो गप्प बसला. आता तो त्यांच्याशी बोलत नाही, आणि सणाला ताट येत नाही. ऐंशीच्या बाईला हे काही लहान नाही.

बिल्ला आज त्यांच्याचकडे आहे. गुडघे गेलेत, ऑपरेशनला पैसे लागतील, त्या विकतीलही. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईने त्यांना ‘इतिहास जपा’ असं सांगणं मला पटत नाही. इतिहास जपायचा खर्च नेहमी गरीब बाईनेच का करायचा? विकायचं की नाही ते त्या ठरवतील. माझं म्हणणं एवढंच की विकलं तर चांदी म्हणून नाही, पदक म्हणून विका. हा बिल्ला साधारण ३१ ग्रॅमचा, म्हणजे पावणेतीन तोळ्यांना जरा कमी. पण पलटणीचं आणि माणसाचं नाव असलेल्या पदकाला नुसत्या वजनाचा भाव लावणं म्हणजे सातबारा रद्दीत घालणं. आणि तो जाण्याआधी कडेचा छाप, दोन्ही बाजूंचे फोटो आणि आजींची हकिगत आपल्या वहीत राहिली पाहिजे.

आता बायकांना स्वतःला मिळालेली पदकं. यातही शिकण्यासारखं आहे. व्हिक्टोरिया राणीने १९०० साली ‘कैसर-ए-हिंद’ हे पदक सुरू केलं. हे युद्धाचं नाही, लोकसेवेचं. बाई-पुरुष, काळा-गोरा असा भेद न करता देण्याचं. लंबगोल असतं, फीत निळसर हिरवी, मागे ‘हिंदुस्थानातील लोकसेवेसाठी’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं. वरचा वर्ग सोन्याचा, खालचा चांदीचा, पुढे कांस्याचाही आला. ओळखण्याची एक छान खूण सांगते. पुरुषाला दिलेल्या पदकाची फीत सरळ लोंबते. बाईला दिलेल्याची फीत फुलपाखरासारखी गाठ मारलेली असते, डाव्या खांद्याजवळ टाचायला. असं गाठीच्या फितीचं पदक जुन्या पेटीत दिसलं तर समजा, इथे एखादी डॉक्टरीण, दाई नाहीतर शिक्षिका होऊन गेली. मग तिचं नाव शोधायला लागा.

पंडिता रमाबाईंना १९१९ मध्ये हे पदक मिळालं. याच रमाबाईंनी १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी इस्पितळात बायकांचे कसे हाल होतात ते वर्तमानपत्रात लिहून सरकारला झोडपलं होतं. थेट विलायतेच्या पार्लमेंटात त्यावर प्रश्न निघाले. त्याच सरकारने बावीस वर्षांनी त्यांना पदक दिलं. सरोजिनी नायडूंनाही कैसर-ए-हिंद मिळालं होतं. जालियनवाला बागेनंतर त्यांनी ते परत केलं. गांधीजींनी १ ऑगस्ट १९२० ला आपलं कैसर-ए-हिंद आणि आफ्रिकेतली युद्धपदकं परत पाठवली. आणि सावित्रीबाई? प्लेगचा रोगी पाठीवर घेऊन धावताना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला गेल्या, हे पदक निघायच्या तीन वर्षं आधी. त्या आधी गेल्या नसत्या तरी त्यांना ते मिळालं असतं असं मला वाटत नाही.

राजेरजवाड्यांच्या बायकांसाठी १८७८ पासून ‘क्राउन ऑफ इंडिया’ नावाचा फक्त स्त्रियांचा सन्मान होता. शेजारच्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंना तो होता. त्यावर जास्त बोलत नाही. आपल्या डब्यात तो सापडायचा नाही.

पण एका पदकाबद्दल बोलल्याशिवाय खाली बसवत नाही. जमवणाऱ्यांच्या बाजारात ते आजही सहज मिळतं. हिटलरच्या जर्मनीने १६ डिसेंबर १९३८ ला मातांसाठी क्रॉस काढला. निळापांढरा, गळ्यात घालायचा. चार-पाच मुलं झाली तर कांस्य, सहा-सात झाली तर चांदी, आणि आठ किंवा जास्त झाली तर सोनेरी. आठ! ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ हा आशीर्वाद आपणच देतो असं वाटत होतं ना? मात्र अट होती: आई-बाप ‘जर्मन रक्ताचे’ हवेत, वंश ‘निरोगी’ हवा. यहुदी आईला क्रॉस नाही, तिच्यासाठी छावणी होती. हे फक्त हिटलरचं पाप म्हणून सोडून देऊ नका. फ्रान्सने १९२० च्या मे महिन्यात जास्त मुलांच्या आईसाठी पदक सुरू केलं. पाचला कांस्य, आठला चांदी, दहाला सोनं. आणि त्याच वर्षी ३१ जुलैला संततिनियमनाचा प्रचार करणं गुन्हा ठरवणारा कायदा केला. युद्धात पोरं मेली होती, नवी हवी होती. सोव्हिएत रशियाने १९४४ मध्ये दहा मुलांच्या आईला ‘वीरमाता’ केलं. रशियाने २०२२ मध्ये तो किताब पुन्हा सुरू केला, तोही युद्ध चालू असताना. आपल्याकडे उलटं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, आणि घरी बसते ती बहुतेक वेळा बाई. तिथे कूस भरली म्हणून बिल्ला, इथे भरली म्हणून बंदी. कूस तिची, हिशेब सरकारचा.

म्हणून म्हणते, पदक हातात आलं की ते कोणाचं एवढंच विचारून थांबू नका. कोणी दिलं, कशासाठी दिलं, आणि देणाऱ्याला त्या वेळी काय हवं होतं, तेही विचारा.

आता कामाचं बोलते. सापडलेला बिल्ला राखेने, चिंचेने घासू नका. चकाकी येते पण कडेची अक्षरं झिजतात. कड कानशीने घासून दुसरं नाव ठोकलेले बिल्लेही बाजारात असतात. मोजपट्टी लावा, ३६ मिलिमीटरपेक्षा लहान भरला तर शंका घ्या. शंभर वर्षं झालेल्या वस्तूला १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो. अशी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. फिरत्या माणसाला परवाना विचारा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच तो दुसऱ्या गल्लीत जातो.

आणि वस्तू कुठे, कोणाच्या घरात सापडली ते लिहा. आपल्याच प्रकाशात, इथे तापी-गोमाईच्या संगमाजवळच्या पांढरीत, १९५५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी खोदकाम केलं. मातीची फुटकी भांडी निघाली. त्या खापरांना मोल आलं, कारण कोणतं खापर कोणत्या थरात होतं ते त्यांनी लिहून ठेवलं. नुसतं खापर कोणी विचारलं असतं?

आपण एक तक्ता केला आहे. त्यात नंबर, नाव, पलटण, धातू, माप हे रकाने आहेत. हे जमवणाऱ्यांच्या यादीतही असतात. पुढचे तीन आपले आहेत: आत्तापर्यंत कोणी सांभाळला, कधी गहाण पडला आणि कोणी सोडवला, आणि विकायचा झाला तर पैसे कोणाच्या हातात जाणार. शेवटचा रकाना भरताना घरातले पुरुष जवळ नसतील असं बघा.

चहानंतर केदारेश्वराकडे तोंड असलेल्या त्या ओट्यावर मी भिंग आणि पेन्सिल घेऊन बसते. ज्यांनी डबे आणलेत त्यांनी एकेक करून यावं. नुसते रुपये निघाले तरी चालेल, ते रुपये म्हणून लिहू. ज्यांना आपल्या वस्तूचं नाव चारचौघींत नको आहे, त्यांनी संध्याकाळी, गर्दी पांगल्यावर या. मी शेवटच्या एसटीपर्यंत आहे.